दुरुस्तीला आलेलं घर घ्यावं का? आधी कुरूप घर आणि आजारी घर वेगळं ओळखा

दोन घरं विकायला आहेत असं समजा. पहिल्यात पाऊल टाकताच नाक मुरडावं असं सगळं: भडक टाइल्स, भिंतींना पोपडे, गळके नळ, कुरकुरणारी दारं, पन्नास वर्षांपूर्वीचा ओटा. दुसरं नुकतंच रंगवलेलं, छताला फॉल्स सीलिंग, फक्त आतल्या खोलीत जरासा दमट वास. दोन्हींची किंमत आसपासच्या धडधाकट घरांपेक्षा बरीच कमी. नवखा माणूस बहुधा दुसऱ्याकडे वळतो, कारण तिथे काम कमी दिसतं. जुन्या घरांचा अनुभव असलेला माणूस पहिल्याकडे परत जातो आणि दुसऱ्याबद्दल एकच प्रश्न विचारतो: एवढं रंगवून ठेवलंय, तर मग स्वस्त का?

पहिलं घर कुरूप आहे. दुसरं कदाचित आजारी आहे. कुरूपपणा दिसतो, मोजता येतो, त्याचा खर्च आधी सांगता येतो आणि त्याच्यामुळे बाकीचे ग्राहक पळून गेल्याने किंमतही उतरते. आजार भिंतीच्या आत असतो आणि फोडकाम सुरू झाल्यावरच पूर्ण कळतो. दुरुस्तीचं घर घ्यायचं की नाही, हा निर्णय बहुतांशी या दोन्हींतला फरक वेळेवर ओळखता येतो की नाही यावर ठरतो. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: घराआधी स्वतःची तपासणी

घर पाहायला जाण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. काम चालू असताना राहणार कुठे? रोज जागेवर जाऊन कामाकडे लक्ष कोण देणार? हातात रोख किती आहे? आणि ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागला तर काय मोडेल: भाड्याच्या घराचा करार, मुलांची शाळा, की घरातल्यांचा संयम?

रोख पैशांचा प्रश्न नवख्यांच्या लक्षात उशिरा येतो. कर्ज देणारी संस्था साधारणपणे घराच्या आजच्या अवस्थेतल्या किमतीवर कर्ज देते. दुरुस्तीनंतर ते किती सुंदर होईल, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. घर फारच मोडकळीला आलं असेल तर ती कर्ज नाकारूही शकते. दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मिळतं, पण बरेचदा काम जसजसं पुढे सरकेल तसतसे हप्त्याहप्त्याने पैसे सुटतात. म्हणजे पहिल्या टप्प्याचा खर्च तुमच्याच खिशातून. खरेदीच्या वेळी सगळी शिल्लक संपवून बसलेला माणूस मग अर्धवट फोडलेल्या घरात अडकतो.

राहण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फरशी, वायरिंग किंवा संडास-बाथरूमचं काम निघणार असेल तर त्या घरात राहून काम करून घेण्याचा विचार सोडून द्या. भाडं वाचतं, पण मिस्त्रींना रोज सामान हलवत, अर्ध्या अर्ध्या खोलीत काम करावं लागतं. काम लांबतं, मजुरी वाढते, आणि धूळ फुप्फुसात जाते ती वेगळीच.

पायरी २: जे बदलताच येणार नाही ते आधी पाहा

घराच्या आत शिरण्याआधी बाहेर थांबा. जमीन आसपासच्या रस्त्यापेक्षा सखल आहे का? पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं? शेजारची इमारत किती जवळ आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो? ट्रक दारापर्यंत पोहोचतो का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण विटा, वाळू, राडारोडा सगळं हातगाडीने न्यावं लागलं तर प्रत्येक कामाची मजुरी वाढते.

घर सामायिक इमारतीतलं असेल तर हद्द नीट समजून घ्या. गच्ची, बाहेरच्या भिंती, उभे पाइप, पाया या गोष्टी एकट्या तुमच्या नसतात. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून तुमच्या छतात पाणी झिरपत असेल, तर तुम्ही खालून कितीही महाग रंग लावा, दुरुस्ती वरच्याच्या दारातून सुरू होते. आणि वरचा दार उघडेल की नाही हे तुमच्या हातात नाही.

खोल्यांची उंची, जिन्याची जागा, भार पेलणाऱ्या भिंती यांनाही याच यादीत टाका. तांत्रिकदृष्ट्या त्या बदलता येतात, पण त्या बदलायच्या असतील तर तुम्हाला हे घर नको, दुसरं हवंय.

पायरी ३: पाणी शोधा

तपासणीला जाताना जवळ ठेवा: चांगली बॅटरी, पाणसळ, स्क्रू ड्रायव्हर, एक काचेची गोटी, मोजपट्टी, आणि फोटो काढायला फोन. शक्य असेल तर एक फेरी जोराच्या पावसात किंवा पावसानंतर लगेच मारा. कोरड्या ऋतूत पाहिलेलं घर अर्धंच पाहिलेलं असतं.

घराचं सर्वाधिक नुकसान पाणी करतं. गज गंजतात ते पाण्याने, लाकूड कुजतं ते पाण्याने, वाळवी येते ती ओलीच्या मागोमाग. म्हणून ओल कुठे आहे हे पाहून थांबू नका, ती कुठल्या आकाराची आणि किती उंचीवर आहे ते पाहा.

जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा दिसत असेल, त्यावर पांढरा खार फुटला असेल आणि गिलावा भुसभुशीत झाला असेल, तर पाणी पायातून वर चढतंय. जोत्याच्या पातळीला ओल अडवणारा थर एकतर घातलेला नाही किंवा निकामी झालाय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर पावसाचं पाणी चौकटीच्या फटीतून आत येतंय, आणि हे दुरुस्त करायला सोपं. छताच्या कोपऱ्यात डाग म्हणजे गच्ची, पन्हळ किंवा कौलं. भिंतीच्या मध्येच, पावसाशी संबंध नसलेला, वर्षभर टिकणारा डाग म्हणजे आतला पाइप फुटलाय. कपाटामागे आणि थंड कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर बरेचदा पाणी बाहेरून येतच नसतं. खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर निवते आणि हवा खेळती नसल्यामुळे तिथेच राहते.

शेवटच्या दोन प्रकारांत गोंधळ होत असेल तर साधा प्रयोग करा. प्लॅस्टिकचा जाड, पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दिवसभर तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली. मालक परवानगी देत असेल तर हा फुकटातला प्रयोग अवश्य करावा.

जुन्या दगडी किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींबाबत एक खास गोष्ट. अशा भिंती आतलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडतात. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला असेल तर ओल आत कोंडते आणि वर सरकते. वरकरणी ती दुरुस्ती वाटते, प्रत्यक्षात तोच बिघाड असतो. असं घर मिळालं तर तो गिलावा उतरवण्याचा आणि पुन्हा चुन्याचा करण्याचा खर्च हिशेबात धरा, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी मिळतो का तेही आधी बघा.

आणि ताजा रंग. संपूर्ण घर रंगवलेलं असेल तर मालकाला चांगली किंमत हवीय, एवढंच समजा. एकच भिंत रंगवलेली असेल तर त्या भिंतीपाशी जास्त वेळ उभे राहा.

पायरी ४: तडे वाचायला शिका

जुन्या घराला तडे असणारच. प्रत्येक तडा पाहून घाबरणारा माणूस आणि एकाही तड्याकडे न पाहणारा माणूस, दोघेही चुकीचं घर घेतात.

विटांच्या भिंतीत रुंदीचा ढोबळ अंदाज असा: १ मिलिमीटरपर्यंतचे तडे गिलाव्याचे किंवा हवामानाचे असतात, रंगकामात बुजतात. ५ मिलिमीटरपर्यंतचे भरता येतात, पण दारं-खिडक्या अडकायला लागलेल्या असू शकतात. ५ ते १५ मिलिमीटरच्या तड्यांसाठी भिंतीचा काही भाग उकलून बांधावा लागू शकतो. १५ च्या पुढे गेलात तर हा प्रश्न रचनेचा आहे, आणि अभियंत्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

पण रुंदीपेक्षा दिशा जास्त बोलते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर दुर्लक्ष करा. खांब आणि भिंत यांच्या सांध्यावर सरळ उभी रेषा असेल तर दोन वेगळ्या साहित्यांचं आकुंचन-प्रसरण आहे. जाळी लावून गिलावा केला की भागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा आणि एका टोकाला रुंद होत जाणारा तडा मात्र पाया एका बाजूने खचत असल्याचं लक्षण असू शकतं. बीमच्या मधोमध खालून वर गेलेला उभा तडा, किंवा बीमच्या टोकाशी खांबाजवळ तिरपा तडा दिसला, तर तो रंगाऱ्याचा विषय नाही.

मग वय. तड्याच्या आत जुना रंग किंवा धूळ साचली असेल, कडा बोथट झाल्या असतील, तर घर केव्हातरी हललं आणि बसलं. कडा तीक्ष्ण, आतला भाग स्वच्छ असेल तर हालचाल अजून चालू आहे. खात्री करायला तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवतात. भिंत सरकली की काच तडकते. यासाठी महिने लागतात, म्हणून सौदा घाईत असेल तर हा मार्ग नाही. त्याऐवजी गोटी काढा. प्रत्येक खोलीच्या मध्यभागी फरशीवर ठेवा. एखाद्या खोलीत ती घरंगळली तर फरशी वाईट बसवली असेल. सगळ्या खोल्यांत एकाच दिशेला घरंगळत असेल, तर त्या दिशेच्या पायाकडे बघा.

काँक्रीटच्या घरात छताकडे मान वर करून पाहा. स्लॅबचे पापुद्रे सुटलेत, गज उघडे पडलेत, बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने सरळ तडा गेलाय, तपकिरी डाग उतरलेत, ही सगळी गंजाची चिन्हं. ताजं काँक्रीट तीव्र अल्कली असतं, त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, आणि त्यामुळे आतला गज सुरक्षित राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो तसा सामू ९ च्या आसपास उतरतो आणि हे संरक्षण संपतं. त्यात ओल आली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, म्हणून तो आतूनच काँक्रीट फोडतो. गज न घासता, गंज न काढता वरून सिमेंट थापलं तर ते थोड्याच वर्षांत खाली येतं. विकायला काढलेल्या घरात हे थापलेले ठिगळ बॅटरीच्या तिरप्या उजेडात चटकन दिसतात. काठीने हलकेच ठोका. जिथे पोकळ आवाज येतो तिथे थर सुटलाय.

पायरी ५: लाकूड, वायर, पाइप

लाकडी तुळया आणि वासे असतील तर मध्यभाग पाहून खूश होऊ नका. तुळईची जी टोकं भिंतीत घुसलेली असतात ती आधी कुजतात, कारण ओल तिथे असते आणि हवा नसते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. चांगलं लाकूड दाद देत नाही, कुजलेल्यात ते लोण्यासारखं जातं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशीला अनुकूल स्थिती मिळते. वाळवीच्या मातीच्या नळ्या पेन्सिलीएवढ्या जाड असतात आणि जोत्यावरून, पाइपांच्या कडेने, चौकटीच्या मागून वर चढतात. कौलं बदलणं किरकोळ. छताची शिरोरेषा रस्त्यापलीकडून पाहिल्यावर मध्ये वाकलेली दिसली तर मात्र वासे-तुळयांचा प्रश्न आहे.

वायरिंगबाबत नवख्यांनी एकच गोष्ट विचारावी: पूर्ण बदललं कधी? ‘मध्ये थोडं केलं होतं’ हे उत्तर म्हणजे ‘नाही’. जुनं रबरी आवरण कडक होऊन तडकतं, कित्येक घरांत अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत पोहोचलेलीच नसते, आणि वितरण पेटीत ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारं गळती-संरक्षण नसतं. पूर्ण वायरिंग बदलायचं म्हणजे भिंतींना खाचा, खाचा म्हणजे गिलावा, गिलावा म्हणजे पूर्ण घराला रंग. एक काम कधी एकटं येत नाही. अंदाजपत्रकात नुसतं ‘वायरिंग’ लिहिलं असेल तर त्याच्या मागची ही रांगही त्यात धरली आहे का ते पाहा.

पाइपांसाठी दोन नळ आणि फ्लश एकाच वेळी चालू करा. धार एकदम बारीक झाली आणि सुरुवातीचं पाणी तांबूस आलं, तर आतले जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप गंजून निम्मे बुजलेत. सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उचलायला सांगा, वर कुणाला तरी फ्लश करायला लावा आणि पाणी किती वेळात, किती जोरात येतं ते पाहा. जमिनीखालच्या जुन्या मातीच्या नळांत झाडांची मुळं शिरतात. जवळ मोठं झाड असेल तर नळात कॅमेरा घालून तपासण्याचा खर्च वाया जात नाही.

संडासाची जागा बदलायचा विचार असेल तर आत्ताच थांबून मोजा. मैलापाण्याच्या १०० मिलिमीटर पाइपाला साधारण चाळीस फुटांमागे एक फूट उतार लागतो. हा उतार फरशीखाली बसत नसेल तर फरशी उचलावी लागते किंवा खालच्या छतात पाइप लटकवावा लागतो. नकाशावर भिंत ओढणं सोपं असतं, पाणी मात्र उतारानेच जातं.

घर जुनं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसं या दोन गोष्टींची चौकशी कराच. अ‍ॅस्बेस्टॉस जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांवरच्या वेष्टनांत, काही छताच्या पाट्यांत आणि फरशांत सापडतं. शिसं जुन्या तैलरंगांत असायचं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर १९९९ मध्ये पूर्णपणे बंद झाला. देशोदेशी ही वर्षं वेगळी आहेत, काही ठिकाणी बंदी अजूनही नाही. शाबूत पत्रा जागेवर असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. तो कापला, ड्रिल केला, फोडला की तंतू हवेत जातात. जुना रंग कोरडा घासला की शिशाची धूळ होते, आणि लहान मुलांना ती सगळ्यांत घातक. दोन्हींसाठी नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. काढायचं ठरलं तर ते काम प्रशिक्षित माणसांचं, आणि त्याचा खर्च नेहमीच्या फोडकामाच्या कैकपट.

पायरी ६: आता पैसे देऊन माणूस आणा

इथपर्यंतची तपासणी घर नाकारायला पुरेशी आहे. घ्यायला पुरेशी नाही. घर पसंत पडत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा, आणि तो ज्याला काम मिळणार आहे त्या कंत्राटदाराचा माणूस नसावा. ‘तपासणी फुकट करून देतो’ म्हणणारा कंत्राटदार काम शोधायला येतो. त्याचा अंदाज उपयोगी असतो, पण तो निकाल नव्हे.

अभियंत्याला मोघम ‘घर कसं आहे?’ असं विचारू नका. लेखी प्रश्न द्या: हालचाल चालू आहे का? कोणत्या भिंती भार पेलतात? काय आत्ता केलंच पाहिजे, काय पाच वर्षं थांबू शकतं? मला अमुक भिंत काढायची आहे, चालेल का? काँक्रीटच्या घरासाठी तो काही चाचण्या सुचवेल. हातोड्याच्या उसळीवरून पृष्ठभागाची कठीणता कळते. ध्वनिलहरींच्या वेगावरून आतला एकसंधपणा कळतो. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या पुढे वेग मिळाला तर काँक्रीट उत्तम मानतात. फेनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारल्यावर निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, संरक्षण गमावलेलं रंगहीन राहतं. गुलाबी रेषा गजाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं पाहिलं तरी त्या स्लॅबचं पुढचं आयुष्य बरंचसं समजतं.

कागदपत्रांसाठी वकील वेगळा. मालकी निर्विवाद आहे का, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का, मागच्या बाजूला वाढवलेली खोली परवानगीने बांधलीय का, थकबाकी किती, इमारत वारसा यादीत आहे का. वारसा यादीतल्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. अनधिकृत खोलीची किंमत हिशेबात शून्य धरा, मालक काहीही म्हणो.

पायरी ७: हिशेब उलटा मांडा

बहुतेक लोक मागितलेल्या किमतीपासून सुरुवात करतात आणि त्यात दुरुस्ती मिळवतात. शेवटून सुरुवात करा. त्याच भागात, तेवढंच, नीट राहण्याजोगं घर कितीला जातं? तो आकडा १०० धरा. हा आकडा प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचा हवा, जाहिरातीतल्या अपेक्षांचा नको.

समजा आपल्या घराची मागणी ७५ आहे. वरवर पाहता २५ वाचतात. आता दुरुस्तीचा अंदाज १८ आला. अनपेक्षित कामांसाठी त्याच्या वीस टक्के, म्हणजे जवळपास ४. काम चालेल तेवढे महिने दुसरीकडचं भाडं आणि या घराच्या कर्जाचं व्याज, दोन्ही मिळून ४. बेरीज १०१. म्हणजे तयार घरापेक्षा महाग, आणि तुमचे शनिवार-रविवार यात धरलेलेच नाहीत.

उलटं मोजा. १०० मधून १८, ४ आणि ४ वजा केले की ७४ उरतात. या किमतीला तुम्ही सगळी डोकेदुखी फुकट करताय. जोखमीचा मोबदला म्हणून आणखी ९ वजा करा. मग ६५ हा तुमचा आकडा. आता त्याची परीक्षा घ्या. दुरुस्ती दीडपट झाली, १८ ची २७ झाली, आणि काम लांबल्याने भाडं-व्याज ४ वरून ६ वर गेलं, तर ६५ अधिक २७ अधिक ६ म्हणजे ९८. वाईट परिस्थितीतही तुम्ही बुडत नाही. ७५ ला घेतलं असतं तर हीच परिस्थिती १०८ वर गेली असती. खरेदीचं सरकारी शुल्क मी यात धरलेलं नाही, कारण ते तयार घरालाही भरावं लागतं.

अनपेक्षित खर्चाचे टक्के घराच्या वयावर आणि किती भाग उघडून पाहता आला यावर ठरवा. सगळं उघडं, तपासलेलं असेल तर पंधरा पुरतात. जुनं, अर्धं झाकलेलं घर असेल तर मी तीसच्या खाली जाणार नाही.

दुरुस्तीचा अंदाज चौरस फुटाच्या दराने घेऊ नका. तो दर नव्या बांधकामासाठी ठीक. जुन्या घरात दोन सारख्या खोल्यांचा खर्च तिप्पट फरकाने वेगळा येतो. बाबवार यादी करून घ्या: किती चौरस मीटर गिलावा काढायचा, किती लावायचा, विजेचे किती पॉइंट, किती मीटर पाइप. तीन कंत्राटदारांना एकच यादी द्या, म्हणजे आकडे तोलता येतील. सगळ्यांत कमी आकड्याच्या यादीत काय गाळलंय ते शोधा. बरेचदा ते राडारोडा उचलणं असतं. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून पाच सेंटिमीटर जाडी धरली तर दर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो माल निघतो. पन्नास चौरस मीटरच्या घरातून नुसत्या फरशीचे पाच टन. हेच गणित उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. ‘फोडू नका, जुन्या फरशीवरच नवी टाकू’ असं कुणी म्हणालं, तर स्लॅबवर नवं ओझं येतंय हे अभियंत्याला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आणखी एक मर्यादा. दुरुस्तीवर कितीही ओतलं तरी घराची किंमत त्या भागातल्या चांगल्या घरांच्या फार वर जात नाही. परदेशी मार्बल तुम्हाला आवडत असेल तर जरूर लावा. ‘गुंतवणूक’ म्हणून लावू नका. पुढचा ग्राहक त्याचे पैसे देईलच असं नाही, आणि भिंतीतल्या नव्या पाइपांचे तर तो वेगळे पैसे देतच नाही. ते चांगले असणारच, असं तो गृहीत धरतो.

पायरी ८: कामाचा क्रम आधी लिहा, मग आकडा सांगा

खरेदीपूर्वीच कामाचा क्रम लिहून पाहिला तर वेळेचा अंदाज खरा येतो. पाणी बाहेरून थांबवणं आधी: छत, गच्ची, पन्हळी, जोत्याभोवतीचा निचरा. मग रचनेची दुरुस्ती. मग फोडकाम, वायरिंग, पाइप. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी पाणी भरून किमान चोवीस तास ठेवायचं आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवायचं. नंतर गिलावा, तो सुकण्याची वाट, फरशी, सुतारकाम, आणि सर्वांत शेवटी रंग. नवं काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस धरतात, सिमेंटच्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारावं लागतं, आणि ओल बसलेली जुनी भिंत स्रोत बंद झाल्यावरही सुकायला महिने घेते. घाईने त्यावर रंग लावला की पोपडे येतात आणि दोष रंगाऱ्याच्या माथी जातो.

पैसे देण्याचे टप्पेही यालाच बांधा. आगाऊ रक्कम छोटी, पुढचे हप्ते पूर्ण झालेल्या कामावर, आणि शेवटचा भाग एखादा पावसाळा किंवा काही महिने उलटेपर्यंत हातात. चांगला कंत्राटदार यावर घासाघीस करेल, पण नाराज होणार नाही.

मग बोलणी. दोष मालकासमोर मांडताना घराची निंदा करू नका, अहवाल आणि अंदाजपत्रक समोर ठेवा. ‘स्लॅबची दुरुस्ती इतक्याची आहे’ या वाक्यावर बोलणी होते, ‘घर फारच वाईट आहे’ यावर भांडण. करारात तपासणीसाठी ठरावीक दिवस आणि अहवाल प्रतिकूल आला तर अनामत परत, ही अट लिहून घ्या.

काही परिस्थितींत आकडा सांगूच नये. पाया अजून हलतोय आणि कारण सापडत नाही. दुरुस्ती शेजाऱ्याच्या किंवा इमारतीच्या संमतीवर अडकलीय आणि ती संमती लेखी मिळत नाही. मालकीवर खटला चालू आहे. किंवा हिशेब फक्त तेव्हाच जुळतो, जेव्हा अनपेक्षित खर्च शून्य धरला जातो.

आणि सुरुवातीचं ते फॉल्स सीलिंगवालं घर अजूनही मनात घोळत असेल, तर मालकाकडे त्याचे दोन चौकोन उघडण्याची परवानगी मागा: एक बाथरूमखालचा, एक बाहेरच्या भिंतीलगतचा. बॅटरी घेऊन वर पाहा, फोटो काढा, अभियंत्याला दाखवा. परवानगी मिळाली नाही तर पूर्ण स्लॅबची दुरुस्ती स्वतःच्या यादीत लिहा, ती वजा करून आकडा सांगा, आणि मालकाने तो नाकारला तर पुढचं घर पाहायला निघा.